दोन पराभव, कॉन्फरन्समध्ये चौथे स्थान आणि तरीही राष्ट्रीय विजेतेपद : ओहायो स्टेटचा २०२४ चा हंगाम कसा समजून घ्यावा?

पूर्वरंग (प्रश्नकर्ता)

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल मी बऱ्यापैकी नियमितपणे पाहतो आणि खेळाचे नियमही आता अंगवळणी पडले आहेत. परंतु ओहायो स्टेटच्या २०२४ च्या हंगामाचा ताळमेळ मला अजूनही लागत नाही. १२ ऑक्टोबरला हा संघ युजीनमध्ये ओरेगॉनकडून ३२–३१ असा हरला. ३० नोव्हेंबरला कोलंबसमध्ये, म्हणजे स्वतःच्याच मैदानावर, मिशिगनकडून १३–१० असा हरला, आणि तो मिशिगनचा संघही त्या दिवसापर्यंत सहा विजय व पाच पराभव अशा बेताच्याच स्थितीत होता. बिग टेन कॉन्फरन्सच्या, म्हणजे ओहायो स्टेट ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या गटाच्या, अंतिम सामन्यात ओहायो स्टेट नव्हतेच. तो सामना ओरेगॉन आणि पेन स्टेट यांच्यात झाला. गंमत म्हणजे त्याच पेन स्टेटला ओहायो स्टेटने त्यांच्या मैदानावर जाऊन २०–१३ असे हरवले होते, आणि कॉन्फरन्सच्या तक्त्यात वर राहिलेल्या इंडियानालाही ३८–१५ अशी धूळ चारली होती. एवढे सगळे होऊन २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटामध्ये नोत्र देमला ३४–२३ असे नमवून करंडक उचलला तो ओहायो स्टेटनेच.

आता याच्या शेजारी २०२३ चे फ्लोरिडा स्टेट ठेवून पाहावे. तेरापैकी तेरा सामने जिंकलेला आणि एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवलेला हा संघ राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्ले-ऑफमधून बाहेर राहिला, कारण त्याचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा व पास टाकणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला होता आणि त्याच्याविना हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही, असे निवड समितीला वाटले. एक पराभव पदरी असलेल्या अलाबामाला ती चौथी जागा मिळाली. एका वर्षी सर्व सामने जिंकणे पुरेसे ठरत नाही आणि दुसऱ्या वर्षी दोन पराभव, त्यातही सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याकडून, म्हणजे मिशिगनकडून, झालेला एक, खपून जातात, हे मला खटकते.

माझा पहिला प्रश्न असा, की अशा हंगामाला 'सर्वोत्तम' म्हणणे कितपत योग्य आहे? आणि दुसरा, जो मला अधिक छळतो : मिशिगनविरुद्ध दहाच गुण करू शकलेल्या संघात पुढच्या तीन आठवड्यांत असे काय बदलले, की त्याने ओळीने चार बलाढ्य संघांना लोळवावे?

चौथा डाउन

पहिल्या प्रश्नापुरते सांगतो. दुसऱ्याचे उत्तर देण्यास येथे माझ्यापेक्षा अधिक अधिकारी मंडळी आहेत.

२०१४ ते २०२३ या दहा हंगामांत प्ले-ऑफमध्ये चार संघ असत. २०२४ मध्ये ही संख्या बारा झाली. निवड समितीच्या क्रमवारीतील सर्वांत वरचे पाच कॉन्फरन्स-विजेते आणि उरलेल्यांपैकी सर्वांत वरचे सात संघ, अशी रचना ठरली. समितीच्या शेवटच्या यादीत पहिले चार संघ होते ओरेगॉन, जॉर्जिया, टेक्सास आणि पेन स्टेट. पाचवे नोत्र देम आणि सहावे ओहायो स्टेट. याचा अर्थ असा, की जुनी पद्धत एक वर्ष अधिक टिकली असती, तर अंतिम सामना खेळलेले दोन्ही संघ स्पर्धेत पाऊलही टाकू शकले नसते. नोत्र देमचा हंगामही निष्कलंक नव्हता. सप्टेंबरमध्ये त्यांनी घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६–१४ अशी हार पत्करली होती, आणि ती मिशिगनकडून झालेल्या पराभवापेक्षा कितीतरी अधिक लाजिरवाणी होती.

त्या वर्षी आणखी एक विचित्र नियम होता. पहिली चार मानांकने, आणि त्यांच्यासोबत मिळणारी पहिल्या फेरीची सूट, फक्त कॉन्फरन्स-विजेत्यांसाठी राखीव होती. त्यामुळे क्रमवारीत नवव्या असलेल्या बॉईझी स्टेटला तिसरे आणि बाराव्या असलेल्या ॲरिझोना स्टेटला चौथे मानांकन मिळाले, आणि सहाव्या क्रमांकाचे ओहायो स्टेट आठव्या मानांकनावर ढकलले गेले. त्याचा खरा भुर्दंड ओरेगॉनला बसला. तेरापैकी तेरा सामने जिंकून अव्वल ठरलेल्या संघाला उपांत्यपूर्व फेरीतच ओहायो स्टेटशी गाठ घालून देण्यात आली, तीही पंचवीस दिवस मैदानापासून दूर राहिल्यानंतर. सूट मिळालेले चारही संघ आपापला पहिलाच सामना हरले. पुढच्या हंगामासाठी हा नियम बदलला आणि मानांकने थेट क्रमवारीनुसार देण्याचे ठरले, यातच बरेच काही आले.

फ्लोरिडा स्टेटवर अन्याय झाला हे मला मान्य आहे. प्रमुख खेळाडू उपलब्ध नसणे विचारात घेण्याची मुभा समितीच्या नियमांत होती, हे खरे. तथापि नियमात मुभा आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. नंतर ऑरेंज बाउल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने त्यांना ६३–३ असे चिरडले, तो निकाल काही जण समितीच्या समर्थनार्थ पुढे करतात. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते, त्यामुळे त्या निकालावरून काहीही सिद्ध होत नाही. परंतु एका संघावर आदल्या वर्षी अन्याय झाला म्हणून दुसऱ्याचे विजेतेपद कमअस्सल ठरवणे मला पटत नाही. २०२४ च्या नियमांनुसार जे सिद्ध करायचे होते, ते ओहायो स्टेटने मैदानावर चार वेळा सिद्ध केले.

लाइनमन

दुसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. या हंगामाची गुरुकिल्ली क्वार्टरबॅककडे नसून त्याच्यापुढे उभे राहून त्याचे रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या फळीकडे आहे, आणि वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले.

ओरेगॉनविरुद्धच्या त्या एका गुणाच्या पराभवात खरे नुकसान गुणफलकावर दिसले नाही. डावा टॅकल, म्हणजे फळीच्या डाव्या कडेचा खेळाडू, जॉश सिमन्स त्या सामन्यात जायबंदी झाला आणि उरलेल्या हंगामास मुकला. त्याच्या जागी आलेला झेन मिखाल्स्की नेब्रास्काविरुद्ध दुखापतग्रस्त झाला, तेव्हा डावा गार्ड डोनोव्हन जॅक्सन याला टॅकलच्या जागेवर सरकवावे लागले. ज्यांनी ही जागा जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : गार्डच्या दोन्ही बाजूंना आपले माणूस असते, तर टॅकल कडेला एकटा उभा असतो आणि समोरचा धावपटूच्या वेगाचा खेळाडू त्याला वळसा घालून क्वार्टरबॅकवर झेप घेण्यासाठी टपलेला असतो. पावले टाकण्याची पद्धतच वेगळी लागते. हे शिक्षण जॅक्सनने भर हंगामात घेतले. त्यात इंडियानाविरुद्धच्या सामन्याच्या आठवड्यात सराव करताना सेंटर, म्हणजे फळीच्या मधोमध उभा राहणारा, सेथ मॅक्लॉफलिनच्या टाचेची शीर तुटली. देशातील सर्वोत्तम सेंटरला दिले जाणारे रिमिंग्टन पारितोषिक त्या वर्षी याच मॅक्लॉफलिनला मिळाले, एवढे सांगितले म्हणजे उणीव किती मोठी होती ते कळेल.

मिशिगनविरुद्ध ही डागडुजी केलेली फळी नेमक्या नको त्या ठिकाणी तपासली गेली. मिशिगनच्या बचावफळीच्या मध्यभागी मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन डोंगर उभे होते, आणि ओहायो स्टेटचे प्रशिक्षक मात्र हट्टाला पेटल्याप्रमाणे चेंडू त्याच मधल्या वाटेने धाडत राहिले. २६ वेळा धावून हाती लागले फक्त ७७ यार्ड. बाहेरच्या बाजूला जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) असताना, ज्याला पहिल्याच वर्षी कोणी एकट्याने अडवू शकत नव्हते, त्याच्याकडे लांबचे पास जवळजवळ गेलेच नाहीत. क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन पास मिशिगनने अडवून पळवले, जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळवायचे गुण) हुकले, आणि ४५ सेकंद शिल्लक असताना मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलने निकाल लागला. मिशिगनच्या विजयाचे श्रेय त्यांच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये. परंतु ओहायो स्टेटने त्या दिवशी प्रतिस्पर्ध्याला हवा तसाच खेळ केला, हेही तितकेच खरे.

तीन आठवड्यांनी, २१ डिसेंबरला, त्याच मैदानावर टेनेसीविरुद्ध मात्र उलटे चित्र दिसले. पहिल्याच चढाईत हॉवर्डने स्मिथला ३७ यार्डांचा टचडाउन पास (गोलरेषेपार झेलला जाऊन गुण देणारा) दिला आणि पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला चतुर्थांश, संपण्यापूर्वी गुणफलक २१–० झाला. अंतिम निकाल ४२–१७. पळण्याचे डाव बंद झाले नव्हते, फक्त क्रम बदलला होता. आधी लांबचे पास टाकून बचावफळीला मागे रेटायचे, मग मोकळ्या झालेल्या जागेतून ट्रेव्हियन हेंडरसन आणि क्विन्शॉन जडकिन्स यांना पळवायचे. या क्रमात फळीतील पाच जणांवरचा भार आपोआप हलका होतो, कारण समोरचे अकरा जण गर्दी करून त्यांच्या अंगावर येऊ शकत नाहीत. आक्रमणाचे सूत्रधार चिप केली यांनी हे मिशिगनविरुद्धच का केले नाही, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

बचावाची कथा अधिक जुनी आहे. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनचा क्वार्टरबॅक डिलन गेब्रिएल याला पास टाकण्यापूर्वी ओहायो स्टेटने एकदाही जमिनीवर पाडले नव्हते. त्या पराभवानंतर बचावाचे प्रशिक्षक जिम नोल्स यांनी दबाव टाकण्याच्या पद्धती बदलल्या आणि पुढे हीच बचावफळी देशात सर्वांत कमी गुण देणारी ठरली. मिशिगनविरुद्धही तिने तेराच गुण दिले होते, हे विसरता कामा नये. १ जानेवारीच्या रोझ बाउलमध्ये, म्हणजे ओरेगॉनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात, त्याच गेब्रिएलला तिने आठ वेळा लोळवले. दुसरा क्वार्टर संपण्यापूर्वीच ३४–० अशी आघाडी होती. अंतिम निकाल ४१–२१ दिसतो तो केवळ नंतरच्या औपचारिकतेमुळे.

म्हणून माझे म्हणणे असे, की डिसेंबरमध्ये संघ बदलला नाही. जी बचावफळी ऑक्टोबरपासून घडत होती, तिच्या तोडीचे आक्रमण डिसेंबरमध्ये प्रथमच योजले गेले.

काठावरचा बाक

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु एक बाजू राहून गेली आणि ती पैशाची आहे. ओहायो स्टेटचे क्रीडा संचालक रॉस बियोर्क यांनी त्या हंगामाच्या संघावर, खेळाडूंना त्यांचे नाव व प्रतिमा वापरण्याचा मोबदला देणाऱ्या करारांपोटी, सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचे उघडपणे सांगितले होते. हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आला, जडकिन्स ओल मिसहून, बचावातील सेफ्टी या जागेवरचा केलेब डाउन्स आणि लाइनमन यांनी गौरवलेला मॅक्लॉफलिन अलाबामाहून. दोन प्रमुख खेळाडू कोसळल्यावरही ज्या संघाकडे तोडीचे पर्याय उरतात, त्याच्या 'पुनरागमना'चे फार कौतुक करण्याचे मला कारण दिसत नाही. चिप केलीसुद्धा यूसीएलए या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून येथे दुय्यम पदावर आले होते, यावरून या संघाच्या ओढीची कल्पना यावी.

बारा संघांच्या पद्धतीने लाभ कोणाचा झाला, तर ज्यांच्याकडे सोळा सामने पुरेल एवढे मनुष्यबळ आहे त्यांचा. ॲरिझोना स्टेटने टेक्सासला दोन जादा डावांपर्यंत झुंजवले, हे मला त्या प्ले-ऑफमधील सर्वांत मोठे कर्तृत्व वाटते. ते ३९–३१ असे हरले आणि लोक त्यांना विसरले.

लाइनमन

पैशाचा मुद्दा नाकारत नाही. मात्र त्याच पैशाचा दुसरा परिणामही पाहावा. जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआउ, एमेका एग्बुका, हेंडरसन, जॅक्सन हे सगळे आदल्या वर्षीच व्यावसायिक लीगकडे जाऊ शकत होते आणि ते गेले नाहीत. हे बाहेरून विकत आणलेले खेळाडू नव्हते. शाळेतून थेट याच विद्यापीठात आले होते. निर्णायक क्षणी कामी आले ते बहुतांशी हेच.

पूर्वरंग

आपणा सर्वांचे आभार. फळीतील बदलांचा हा संदर्भ मला ठाऊक नव्हता. तरीही एक शंका उरते : मिशिगनविरुद्ध ओळीने चौथ्यांदा हरलेल्या संघाच्या पाठीराख्यांनी हा हंगाम मनापासून स्वीकारला असेल का? मला आठवते त्याप्रमाणे, पराभवानंतर मुख्य प्रशिक्षक रायन डे यांना काढून टाकावे, अशी मागणी सर्रास होत होती.

उत्तरेची गॅलरी

ओहायोच्या पाठीराख्यांशी माझा दीर्घकाळ संबंध आहे, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस करतो. मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या विजारीच्या आकाराचे एक छोटे पदक मिळते. ही प्रथा १९३४ पासून चालत आली आहे. 'तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून विजार चढवतात', अशा आशयाचे बोल तत्कालीन प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट यांनी मिशिगनविषयी काढले होते, त्यावरून ती सुरू झाली. २०२१ मध्ये दाखल झालेले सॉयर, एग्बुका, हेंडरसन आणि तुइमोलोआउ हे चौघे राष्ट्रीय विजेतेपद घेऊन बाहेर पडले, परंतु ही सोन्याची विजार त्यांच्यापैकी एकालाही मिळाली नाही. ४२–२७, ४५–२३, ३०–२४ आणि १३–१० : चार वर्षे, चार पराभव.

३० नोव्हेंबरला सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी आपला ध्वज मैदानाच्या मध्यभागी रोवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सॉयरने तो काठीवरून ओढून काढला, हाणामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला आणि बिग टेनने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलरचा दंड केला. त्या संध्याकाळी कोलंबसमध्ये हंगाम संपल्याचीच भावना होती. टेनेसीच्या सामन्यात तर कित्येकांनी आपली तिकिटे विकून टाकली आणि प्रेक्षागृहात नारिंगी रंगाचे मोठमोठे पट्टे दिसत होते.

तोच सॉयर १० जानेवारीला, टेक्सासविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, सगळा हंगाम फिरवून गेला. गुणफलक २१–१४, वेळ फारशी उरलेली नाही आणि टेक्सासकडे गोलरेषेपासून अवघ्या एका यार्डावर चार प्रयत्न. टेक्सासने कडेने पळण्याचा डाव टाकला आणि तो सात यार्ड मागे फेकला गेला. चौथ्या प्रयत्नात सॉयरने टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन ईवर्स याच्या हातातील चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केले. ईवर्स काही महिने ओहायो स्टेटमध्ये होता तेव्हा हे दोघे एकाच खोलीत राहत, हे त्या खेळीचे आणखी एक अंग.

आपल्या शंकेचे माझे उत्तर असे, की पाठीराख्यांनी विजेतेपद स्वीकारले आणि मिशिगनचा पराभवही माफ केला नाही. या दोन गोष्टी त्यांच्या हिशोबात वेगवेगळ्या वहीत लिहिल्या जातात. रायन डे यांची नोकरी वाचली ती पहिल्या वहीमुळे, आणि दुसरीत त्यांच्या नावावर तेव्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून एक विजय व चार पराभव होते.

चौथा डाउन

जाता जाता पहिल्या पराभवाविषयी एक टीप, कारण तो सामना पुन्हा पाहण्याजोगा आहे. शेवटचे दहा सेकंद उरले असताना ओरेगॉनने बचावासाठी अकराऐवजी बारा खेळाडू उतरवले. दंड झाला फक्त पाच यार्डांचा. पण त्या डावात गेलेले चार सेकंद परत मिळण्याची सोय नियमात नव्हती. उरलेल्या सहा सेकंदांत हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, साधारण फील्ड गोलच्या टप्प्यापर्यंत पोहोचला आणि घसरत खाली बसला, तोवर घड्याळ शून्यावर आले होते. ही चाल जाणीवपूर्वक केल्याचे ओरेगॉनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी नंतर सूचकपणे कबूल केले, आणि काही दिवसांतच नियमाचा नवा अर्थ लावून ती पळवाट बुजवण्यात आली. पूर्वरंग, आपण हे दोन्ही सामने पाहणार असाल तर ऑक्टोबरचा आधी पाहावा आणि रोझ बाउल लगेच त्यानंतर; लाइनमन म्हणतात तो बचावातील फरक पहिल्या तीन-चार चढायांतच लक्षात येतो.